पाण्याच्या साक्षीने

दान देताना हातावर उदक सोडण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. वस्तू दिली, तोंडाने शब्दही दिला. पण पाणी सोडले की तो शब्द पक्का झाला, आता माघार नाही. म्हणूनच एखाद्या गोष्टीचा हक्क कायमचा गेला की आपण म्हणतो, ‘त्यावर पाणी सोडले’. ख्रिस्ती धर्मातील बाप्तिस्मा समजून घ्यायला हा धागा उपयोगी पडेल. तेथे पाणी ओंजळभर असो की नदीभर, त्याच्या साक्षीने दिलेला शब्द जन्मभराचा असतो. पण हा शब्द कोणी द्यायचा? ज्याच्या डोक्यावर पाणी पडते त्याने, की त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी? या प्रश्नापायी घरे दुभंगली आहेत आणि जीवही गेले आहेत.

‘बाप्तिस्मा’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ पाण्यात बुडवणे. यहुदी लोकांत शुद्धीसाठी बुडी घेण्याचा रिवाज होताच. इसवी सन २८-२९च्या सुमारास योहान नावाचा एक विरक्त पुरुष यार्देन नदीकाठी लोकांना पश्चात्तापाचा उपदेश करून पाण्यात स्नान घालू लागला. उंटाच्या केसांचे वस्त्र, खायला टोळ आणि रानमध, असा त्याचा थाट. ‘आम्ही काय करावे?’ असे लोकांनी विचारले, तर त्याचे उत्तर अगदी रोकडे असे. ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने एक देऊन टाकावा; जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. नुसती बुडी मारून भागणार नव्हते. वागणूक बदलायला हवी होती. येशूनेही या योहानाच्याच हातून बाप्तिस्मा घेतला.

पुढे पौलाने त्याला आणखी खोल अर्थ दिला. पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर जुन्या माणसाचे मरण आणि दफन. वर येणे म्हणजे नवा जन्म. म्हणून हा विधी पुन्हा पुन्हा करायचा नसतो. माणूस एकदाच जन्मतो, तसा बाप्तिस्माही आयुष्यात एकदाच.

विधी कसा करावा, याबद्दल आरंभीचे ख्रिस्ती लोक फार अडून बसत नसत. ‘दिदाखे’ या जुन्या ग्रीक पुस्तिकेत सांगितले आहे, की वाहते पाणी असले तर उत्तम. ते नसेल तर दुसरे घ्या. गार चालत नसेल तर कोमट घ्या. आणि पुरेसे पाणीच नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओता. पण त्याआधी एक-दोन दिवसांचा उपास मात्र सांगितला आहे. पाण्यात सवलत, तयारीत नाही! पुढच्या काळात तर काही ठिकाणी तीन-तीन वर्षे शिकवणूक चाले आणि उमेदवाराच्या वर्तनाची ग्वाही देणारा माणूस लागे.

सिरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावी, १९३०च्या सुमाराच्या उत्खननात, इसवी सन २४०च्या आसपासचे एक साधे घर सापडले. त्यातल्या एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड असून भिंतींवर मेंढपाळाचे आणि विहिरीवर पाणी काढणाऱ्या स्त्रीचे चित्र आहे. त्या काळी राजाश्रय नव्हता, छळाची भीती होती. त्या कुंडात उतरणारा माणूस काय पत्करतो आहे हे जाणून उतरत असे.

चौथ्या शतकात दिवस पालटले. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माचा पाठीराखा झाला. पण त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, मरणाच्या दारात. बाप्तिस्म्याने मागील सारी पापे धुतली जातात, मग तो शेवटीच घ्यावा, असा हिशेब तेव्हा पुष्कळजण करीत. उलट बाजूने तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देण्याची चाल वाढत गेली. तर्तुलियन या लेखकाने इसवी सन २००च्या सुमारास मुलांच्या बाबतीत घाई नको असे बजावले होते. पण मूळपापाच्या बंधनातून बालकालाही सोडवले पाहिजे, हा ऑगस्टीनचा विचार पुढे प्रबळ ठरला. बालकाच्या वतीने आईबाप आणि धर्ममातापिता शब्द देऊ लागले. देवाची कृपा माणसाच्या समजुतीची वाट पाहत नाही, असे त्यामागचे तत्त्व. ते हलके लेखण्याजोगे नाही.

पण गावात जन्मलेले प्रत्येक मूल आपोआप ख्रिस्ती ठरू लागले आणि बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे जणू नागरिकत्वाची नोंद झाली. याला स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात १५२५च्या जानेवारीत काही तरुणांनी आव्हान दिले. आम्ही लहानपणी काही कबूल केलेले नाही, असे म्हणून त्यांनी समजत्या वयात एकमेकांना बाप्तिस्मा दिला. नगरसभेला हे बंड वाटले. पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारावे, असे तिने फर्मावले. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ याला हातपाय बांधून लिम्मात नदीत ढकलण्यात आले. ढळू नकोस, असे त्याची आई काठावरून सांगत होती, असे म्हणतात. धर्मसुधारणेच्या शहरातच हे घडले. २००४ साली त्याच नदीकाठी त्याच्या नावाचा शिलालेख बसवण्यात आला.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या उंबऱ्यातही आला. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मुलगा अजाण म्हणून सुप्रीम कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. पण मिशनऱ्यांकडे जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचे कसे? प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

१८९५ साली कवी ना. वा. टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा संसार तुटला. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या तरी त्यांनी आपले सोवळे लगेच टाकले नाही. स्वतःच्या मनाला पटले तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीने दिलेला शब्द त्यांनी आपला मानला नाही. आपला शब्द आपणच दिला. आणि ज्या टिळकांनी एवढी किंमत मोजली, त्यांनीच १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन करून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा दिली.

आजही काही ख्रिस्ती मंडळ्या बालकांना बाप्तिस्मा देतात आणि मोठेपणी त्यांच्याकडून तो शब्द वदवून घेतात. काही समजत्या वयाचीच वाट पाहतात. वाद मिटलेला नाही. मात्र त्यापायी आता कोणाला नदीत ढकलत नाहीत. शिक्षकबंधुभगिनींनो, कोणत्याही धर्माचा संस्कार मुलांना समजावून सांगताना त्याचा विधी सांगाच. पण एक प्रश्नही विचारा, की यात शब्द कोण देतो आणि तो पाळायचा कोणी? यार्देनच्या काठी योहानाने दोन अंगरख्यांची गोष्ट काढली होती, ती त्यासाठीच. अंग तर घडीभरात वाळते; दुसरा अंगरखा दिला की नाही, ते नंतर गावाला दिसते.