चालान जातं कुठे? भिलाईचा रस्ता आणि दुर्गचं कोर्ट



इतिहासाच्या गप्पांत आज ट्रॅफिकचा दंड कसा काय आला, असं काहींना वाटेल. पण एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. नागपूरचं एक कुटुंब लग्नासाठी गाडीने भिलाईला जातं. मुंबई-कोलकाता महामार्ग, ज्याला तिथले लोक जीई रोड म्हणतात, तो भिलाईच्या मधून जातो. सुपेल्याजवळ कुठेतरी सिग्नल चुकतो. लग्न होतं, मंडळी घरी परततात आणि काही दिवसांनी मोबाईलवर मेसेज येतो: तुमच्या गाडीचं चालान झालं आहे. आता हे पैसे द्यायचे कोणाला? पोलिसांना, आरटीओला की कोर्टाला? आणि सिग्नल आपण तोडलाच नव्हता असं म्हणणं असेल, तर ते अडीचशे किलोमीटरवरून सांगायचं कोणासमोर?

उत्तर एका शब्दात दडलंय, आणि तो शब्द 'चालान' हाच आहे. मराठीत आपण बँकेत 'चलन' भरतो, म्हणून चालान म्हणजे पैसे भरायचा कागद असं आपल्या डोक्यात बसलंय. हिंदी मुलखात तसं नाही. मूळ अर्थ चालतं करणं, रवाना करणं. मालाबरोबर जाणारी यादी म्हणजे चालान, आणि पोलिसांनी आरोपीला कोर्टाकडे रवाना करणं हेही चालानच. छत्तीसगडात आजही 'पुलिस ने चालान पेश किया' असं वाचलंत, तर त्याचा अर्थ आरोपपत्र दाखल झालं असा घ्यायचा. म्हणजे तुमच्या मोबाईलवर आलंय ते बिल नाही, आरोप आहे. पोलीस आरोप करतो आणि दोषी कोण हे न्यायाधीश ठरवतो. आता ही दोन कामं वेगळ्या माणसांनी करायची, हे या मुलखात फार उशिरा ठरलं.

दुर्गचा आणि मराठी कारभाराचा संबंध जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात उतरल्या तेव्हा दुर्ग हा त्यांचा तळ होता. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला राहून कारभार केला. १७८७ मध्ये ते वारल्यावर सुभेदारांची राजवट आली आणि परगण्यांवर कमाविसदार बसले. कमाविसदार वसुली करी, तंटे ऐके आणि दंडही तोच घेई. मराठी दप्तरांत दंडाच्या उत्पन्नाला 'गुन्हेगारी' म्हणत. आज आपण गुन्ह्यांच्या प्रमाणाला गुन्हेगारी म्हणतो, तेव्हा ती जमेची बाब होती! आणि ज्याला बोलावणं धाडायचं, त्याच्याचकडून बोलावणाऱ्या प्याद्याचा खर्च वसूल करत. त्याला नाव होतं 'मसाला'. जो पकडतो, तोच ठरवतो आणि तोच तिजोरीत भरतो, अशी ती रचना होती. त्या काळाला आजचे नियम लावून नावं ठेवण्यात अर्थ नाही, पण रचना ध्यानात ठेवा. ती पुन्हा भेटणार आहे.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १९०६ मध्ये दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग इतकं विचित्र होतं की जुन्या गॅझेटियरवर 'ड्रग डिस्ट्रिक्ट' असं छापलेलं दिसतं. जिल्हाधिकारीच जिल्हा दंडाधिकारी असे. त्याच्या हाताखालचे महसुली अधिकारी सकाळी शेतसाऱ्याची फाईल बघत आणि दुपारी फौजदारी खटला चालवत. कमाविसदार जाऊन साहेब आला, इतकाच फरक.

मोटारींसाठी देशभराचा पहिला कायदा १९१४ चा. पण आपल्या गोष्टीतला खरा टप्पा १९३९ चा मोटार वाहन कायदा. त्याखालचे या प्रांताचे, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे, नियम १९४० मध्ये नागपूरहून निघाले, कारण राजधानी नागपूर होती. १९३९ च्या कायद्याचं कलम १३० मला फार आवडतं. ते म्हणतं, गंभीर गुन्हे सोडले तर कोर्टाने समन्सवरच लिहावं की आरोपीने स्वतः यायची गरज नाही. त्याने वकील पाठवावा, किंवा तारखेच्या आधी रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करून कोर्टाने सांगितलेली रक्कम धाडावी. घरबसल्या कबुली! इंग्लंडात टपालाने गुन्हा कबूल करायची सोय आली १९५७ च्या कायद्याने. आपल्याकडे ती अठरा वर्षं आधी होती. वसाहतीत कायदा आधी आणि मालकाच्या घरी नंतर, असं क्वचितच घडतं.

या सोयीमागचं कारण मोटारीतच आहे. चोराला सहसा तो ज्या गावात चोरी करतो त्याच्या आसपास धरतात. मोटारवाला मात्र एका जिल्ह्यात नियम मोडतो आणि संध्याकाळी दुसऱ्या जिल्ह्यात जेवतो. खटला तर गुन्हा घडला तिथल्याच कोर्टात चालणार. मग दहा-वीस रुपयांच्या दंडासाठी त्याला शंभर मैल फरफटत आणायचं का? उत्तर म्हणून टपाल आलं.

मग भिलाई आली. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचं लोखंड टाटांना १९०३ च्या सुमारासच ठाऊक झालं होतं. दोराबजी टाटांनी नागपूरच्या संग्रहालयात दुर्ग भागाचा भूगर्भ नकाशा पाहिला होता. पण तो वेगळ्या दिवसाचा विषय. आपल्यासाठी महत्त्वाचं हे की देशभरातून माणसं आली, त्यात विदर्भातली मराठी कुटुंबंही होती, आणि आखीव सेक्टरांचं शहर उभं राहिलं. रस्ते भिलाईत आणि जिल्ह्याचं न्यायालय मात्र शेजारच्या दुर्गला. वरचं न्यायालय तर सरकत राहिलं: १९५६ पर्यंत नागपूर, मग जबलपूर, आणि १ नोव्हेंबर २००० ला राज्य वेगळं झाल्यावर बिलासपूर.

भट्टी पेटली तरी न्यायाची जुनी रचना लगेच बदलली नाही. न्याय आणि कारभार वेगळे करा असं राज्यघटनेच्या कलम ५० मध्ये होतं, पण सगळ्या देशासाठी ते फौजदारी संहितेत उतरलं १ एप्रिल १९७४ ला. त्या दिवसापासून अशा खटल्यांवर उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालचे न्यायदंडाधिकारी बसले. कमाविसदाराची खुर्ची खरी तेव्हा रिकामी झाली, असं माझं मत आहे.

पण रस्त्यावर ती पुन्हा मांडली गेली. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. कलम २०० म्हणतं, ठरावीक गुन्ह्यांत राज्य सरकारने नेमलेला अधिकारी ठरलेली रक्कम घेऊन प्रकरण मिटवू शकतो. हा दंड नाही, ही तडजोड आहे. छत्तीसगडच्या वर्तमानपत्रांत याला 'समन शुल्क' म्हणतात, आणि मराठी माणूस ते समन्स समजून दचकतो. शब्द मुळात शमन, म्हणजे मिटवणं. आरोप मान्य नसेल तर ही तडजोड करायची सक्ती तुमच्यावर नाही. तुम्ही कोर्टाची वाट धरू शकता. दुसरी वाट कलम २०८ ची, म्हणजे १९३९ च्या त्या टपालाची नातच. या वेळी मनीऑर्डर आली, आणि गुन्ह्याची कबुली मनीऑर्डरच्या कुपनावरच लिहायची. ज्या कुपनावर मुलगा आईला 'तब्येत सांभाळ' लिहायचा, त्यावर 'गुन्हा कबूल' लिहायची सोय संसदेने केली.

२०१९ च्या दुरुस्तीने रकमा वाढल्या. हेल्मेटचे शंभर होते त्याचे हजार झाले आणि तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूदही आली. दारू पिऊन गाडी चालवणं तडजोडीच्या यादीत नाहीच, तिथे कोर्टाला पर्याय नाही. आणखी एक गोष्ट तेव्हा आली. तडजोड केली तरी तो तुमचा पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो. पुढच्या वेळी तोच गुन्हा घडला तर दुसऱ्या गुन्ह्याचा दर लागतो. म्हणून 'भरून टाका आणि विसरा' हा सल्ला मी देणार नाही.

कॅमेऱ्यांचा नियम ऑगस्ट २०२१ चा, १६७-अ. त्यात १३२ शहरांची यादी आहे आणि भिलाईचं नाव त्यात आहे. कॅमेऱ्याला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायला हवं, कॅमेरा आहे अशी पाटी रस्त्यावर हवी, नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी, फोटोत नंबरप्लेट, जागा, तारीख, वेळ हवी. आरोप नाकारणाऱ्याच्या हातात प्रश्न विचारायला इतकं आहे.

आणि नाकारायचं कुठे? टपालाची जागा आता व्हर्च्युअल कोर्टाने घेतली आहे. पहिलं दिल्लीत २६ जुलै २०१९ ला सुरू झालं. महाराष्ट्रातलं ३१ ऑक्टोबर २०२० ला नागपुरात, नागपूरचेच सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते. छत्तीसगडची वाहतुकीची प्रकरणंही त्याच राष्ट्रीय संकेतस्थळावर दिसतात. न्यायाधीश चालान बघतात, रक्कम ठरवतात, समन्स मोबाईलवर येतं. कबूल करून पैसे भरले की प्रकरण संपलं. 'मान्य नाही' म्हटलं की ते नेहमीच्या कोर्टात जातं, म्हणजे आपल्या नागपूरच्या मंडळींसाठी दुर्गला. तिथेही वकील उभा करता येतो. पण साक्षीपुराव्याला तारखा पडणार, हे हिशोबात धरा. एका सिग्नलसाठी ते परवडतं का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. अपघाताशी जोडलेलं चालान असेल किंवा लायसन्स जाणार असेल, तर मी म्हणेन परवडतं.

एक जुनी मुदतही आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची असते. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम ४६८, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं ५१४. योग्य कारण असेल तर कोर्ट उशीर माफही करतं, त्यामुळे यावर डोळे मिटून विसंबू नका. पण दोन वर्षांपूर्वीचं चालान अचानक समोर आलं, तर ते कोर्टात कधी पोचलं हे वकिलाला नक्की विचारायला सांगा.

लोकअदालतीची सोय आहेच. १९८२ मध्ये गुजरातेत सुरू झालेली ही पद्धत १९८७ च्या कायद्याने पक्की झाली. तडजोडीजोगी चालानं तिथे पटकन सुटतात आणि म्हणून गर्दीही उसळते. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

शेवटी दुर्गच्या कोर्टात खरंच उभं राहायची वेळ आली तर काय होतं, तेही सांगतो. अशा खटल्यात न्यायाधीश आधी आरोप काय ते सांगतात आणि मग विचारतात, गुन्हा कबूल आहे का? कबुली दिली तर संहिता म्हणते की ती शक्य तितकी आरोपीच्या स्वतःच्या शब्दांत नोंदवावी. कामकाज हिंदीत चालतं. घाबरून नुसती मान डोलवू नका. सिग्नल पिवळा होता असं म्हणायचं असेल तर 'पिवळा होता' असंच म्हणा, समजलं नाही तर 'समजलं नाही' म्हणा, आणि ते कागदावर उतरलंय का ते बघूनच बाहेर या.