शब्दसाहचर्य, इंग्रजी भाषेतील

इंग्रजीत काही शब्द विशिष्ट शब्दांच्याच सहवासात वारंवार आढळतात, व त्यांच्या जागी समानार्थी शब्द योजल्यास व्याकरणाचा कोणताही नियम मोडत नसूनही वाक्य परके वाटते. या प्रवृत्तीस शब्दसाहचर्य म्हणतात. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. मोटारीस मात्र ‘पॉवरफुल’ हेच विशेषण शोभते. हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये टोकियोत अशा शब्दबंधांचा अहवाल सिद्ध केला खरा. परंतु शब्दाच्या अर्थाचा एक अंश त्याच्या सहवासातच वसतो, असे प्रतिपादून या कल्पनेस शास्त्रीय प्रतिष्ठा दिली ती पूर्वी लाहोरास इंग्रजीचे अध्यापन केलेल्या जे. आर. फर्थ यांनी. पुढे बर्मिंगहॅम येथे जॉन सिंक्लेअर यांनी संगणकात साठविलेल्या प्रत्यक्ष भाषाव्यवहाराच्या आधारे कोबिल्ड शब्दकोश (१९८७) संपादिला, आणि ‘सेट इन’ या क्रियापदाचा कर्ता बहुधा कुजणे, ऱ्हास, निराशा असा अनिष्टच असतो, हे उदाहरणांचे दप्तर तपासून दाखविले. जन्मभर इंग्रजी बोलणाऱ्यासही ही बाब सहसा सांगता येत नाही. ‘कॉज’ हे क्रियापदही बहुतांशी आजार, नुकसान, आपत्ती यांच्याशीच संबद्ध असल्यामुळे, कोशातील ‘घडवून आणणे’ एवढ्याच अर्थावर विसंबून आनंदाशी त्याची सांगड घालणाऱ्या परभाषिकाची हमखास फसगत होते.