एकसष्टचे ज्येष्ठ मूळ

एखाद्या संख्येच्या वर्गाला 61 ने गुणायचे, त्यात 1 मिळवायचा, आणि येणारे उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग असले पाहिजे. 61 ऐवजी 60 घेतले तर काम 4 वर भागते, कारण 60 गुणिले 16 अधिक 1 म्हणजे 961, अर्थात 31 चा वर्ग. 62 ला 8 पुरतात. मधल्या 61 ला मात्र थेट 22,61,53,980 पर्यंत जावे लागते, आणि वर्गमूळ येते 1,76,63,19,049. याहून लहान एकही जोडी चालत नाही.

ही जोडी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात आहे, 1150 च्या सुमारास लिहिलेली. लहान संख्या ती कनिष्ठ मूळ, मोठी ती ज्येष्ठ मूळ, आणि मिळवायचा तो क्षेप.

चाचपडत कोणी तिथवर पोचणार नाही. भास्कराचार्यांनी चक्रवाल रीत लावली. सुरुवात साधी: 8 चा वर्ग 64, म्हणजे 61 अधिक 3, क्षेप 3. रीतीचा एकच फेरा केला की 5 आणि 39 हाती येतात. 39 चा वर्ग 1521, आणि 61 गुणिले 25 म्हणजे 1525. क्षेप उणे 4. इथे ब्रह्मगुप्तांची भावना उपयोगी पडते. दोन उत्तरांची सांगड घालून तिसरे काढण्याची ही युक्ती त्यांनी 628 मध्येच दिली होती. तिने 3805 आणि 29718 मिळतात, क्षेप उणे 1. या जोडीची तिच्याशीच भावना केली की ते अवाढव्य उत्तर समोर येते. केवढी ही झेप!

श्रेय एकट्या भास्कराचार्यांचे नाही. उदयदिवाकरांच्या 1073 च्या टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञाची चक्रवाल रीत आलेली आहे. भास्कराचार्यांनी ती स्वच्छ मांडली आणि 61 सारखे अवघड उदाहरण निवडून तिचे बळ दाखवले.

पाचशे वर्षांनी, 1657 मध्ये, फ्रान्सच्या फर्माने फ्रेनिकलला घातलेल्या कोड्यात नेमके 61 होते. इंग्लंडमध्ये ब्राउंकर आणि वॉलिस यांनी अशा प्रश्नांची रीत शोधली. तरी ऑयलरच्या चुकीमुळे समीकरणाला नाव चिकटले ते पेलचे! उत्तर नेहमी असतेच, ही सिद्धता पुढे लाग्रांजने दिली.

चाळीसगावजवळच्या पाटणला भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापलेल्या मठाची आणि 1207 च्या दानाची नोंद त्यात आहे. महाराष्ट्रातल्या गणित शिक्षकांनी ‘पेलचे समीकरण’ शिकवताना वर्गप्रकृती हे जुने नावही सांगावे, आणि 39 व 5 पासूनची आकडेमोड मुलांकडून फळ्यावर करून घ्यावी. त्याला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.