नॅचेझची घरयात्रा

जुने घर राखणे म्हणजे काय असते, हे ज्याच्या वाट्याला असे घर आले आहे त्यालाच पुरते ठाऊक असते. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी तो तुळईला वाळवी लागलेली दिसते. तुळई बदलावी तो तसले लाकूड मिळत नाही. लाकूड मिळाले तर ते तासणारा सुतार मिळत नाही. घराची कीर्ती गावाची आणि खर्च मात्र धन्याचा, असा हा व्यवहार आहे. हे दुखणे केवळ आपल्या वाड्यांचे आहे असे नव्हे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, त्याच नावाच्या नदीच्या उंच काठावर, नॅचेझ नावाचे लहानसे शहर आहे. तेथील घरधन्यांनी, किंबहुना घरधनिणींनी, या दुखण्यावर १९३२ साली एक उपाय काढला. त्यांनी आपल्या घरांचीच यात्रा भरविली.

‘यात्रा’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजिलेला नाही. त्या उत्सवाला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ तीर्थयात्रा असाच आहे. आपल्या भाषेत यात्रा म्हणजे देवदर्शनही आणि पाल ठोकून भरणारा बाजारही. इंग्रजी नावात जी अर्धी गोष्ट झाकली जाते ती मराठी शब्द सहज उघडी करतो.

या शहराची संपत्ती कापसाची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील मळेवाल्यांनी खांबांच्या ओळी असलेली भव्य घरे उठविली. १८६१ साली यादवी युद्ध पेटले. शहराने १८६२ साली लढाईवाचून शरणागती पत्करली, आणि म्हणूनच ही घरे जळाली नाहीत. लाँगवुड या घराची कथा सर्वांत बोलकी आहे. हॅलर नट नावाच्या मळेवाल्याने फिलाडेल्फियाचा वास्तुशिल्पी सॅम्युएल स्लोन याजकडून एक अष्टकोनी, घुमटधारी, बत्तीस खोल्यांचे घर योजून घेतले. युद्ध सुरू होताच उत्तरेकडील कारागीर हत्यारे टाकून घरी परतले. तळघरातील नऊ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. नट १८६४ साली वारला. कुटुंब त्या तळघरातच राहिले, आणि वरचे मजले आजतागायत उघड्या विटांचे व लाकडांचे आहेत.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जे युद्ध लाँगवुडचे काम थांबविते, तेच मुंबईचा कापूस सोन्याच्या मोलाचा करते. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात यांच्या कापसावर मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या. तिकडे घर अर्धे राहिले आणि इकडे इमले चढले, ते एकाच पिकामुळे.

पुढे कापसाच्या बोंडातील सोंडकिडा आला, १९२९ नंतर मंदी आली, आणि नॅचेझच्या घरांना रंग देण्यापुरताही पैसा उरला नाही. १९३१ च्या वसंतात राज्यातील उद्यानमंडळांची परिषद तेथे भरली. पाहुण्यांना बागा दाखवावयाच्या होत्या, पण उशिरा पडलेल्या कडाक्याच्या थंडीने फुले करपून गेली. तेव्हा यजमाणीणबाईंनी बागांऐवजी घरांची दारे उघडली. पाहुण्यांना रंग उडालेल्या भिंतींतच अधिक गोडी वाटली. हे हेरून कॅथरीन ग्राफ्टन मिलर या बाईंच्या पुढाकाराने पुढील वर्षी रीतसर यात्रा भरली. वीसहून अधिक घरे तिकीट लावून उघडली गेली, आणि आज्यांच्या पेटाऱ्यांतील घेरदार झगे घालून स्त्रिया दारात उभ्या राहिल्या.

पैसा आला तसा तंटाही आला, आणि आमच्या मते या इतिहासातील शिकण्याजोगा भाग हाच आहे. जमा झालेली रक्कम कोणाची? उद्यानमंडळ म्हणे, ती शहरातील जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धारास लावावी. घरधनी म्हणत, आमच्या दिवाणखान्यातून परक्यांचे पाय फिरतात, छप्पर आमचे गळते, तर वाटा आम्हांस मिळावा. १९३६ साली मंडळ फुटले, दोन मंडळांच्या दोन यात्रा भरू लागल्या, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले; वृत्तपत्रांनी त्याला झग्यांची लढाई म्हणून हिणविले. हसण्याचे कारण नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते, आणि दोघांनीही पैसा कारणी लावला. एका मंडळाने अठराव्या शतकाच्या अखेरचे एक जुने घर विकत घेऊन सावरले. दुसऱ्याने १९३८ साली स्टॅन्टन हॉल हा प्रासाद घेतला. महायुद्धानंतर दोघांचा समेट झाला.

परंतु घरे कोणाच्या श्रमावर उभी राहिली, हे यात्रेत कोणी सांगत नसे. १८६० च्या शिरगणतीत मिसिसिपी राज्याच्या ७,९१,३०५ लोकांपैकी ४,३६,६३१ गुलाम होते. नॅचेझच्या वेशीवर ‘फोर्क्स ऑफ द रोड’ या तिठ्यावर १८६३ पर्यंत माणसांचा बाजार भरे, आणि दक्षिणेतील तसल्या सर्वांत मोठ्या बाजारांत त्याची गणना होती. यात्रेच्या रात्री जो देखाव्यांचा कार्यक्रम होई, त्यात मात्र मळ्यावरचे सुखी जीवन रंगविले जाई, आणि प्रारंभीच्या दशकांत काळ्या नागरिकांना त्यात संतुष्ट चाकरांची सोंगे मिळत. घर खरे, झगे खरे, आणि सांगितलेली कथा खोटी, असा हा प्रकार होता. त्या तिठ्याची जागा राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट व्हावयास २०२१ साल उजाडावे लागले.

त्याच शहरात विल्यम जॉन्सन नावाच्या न्हाव्याचे विटांचे एक घर आहे. हा १८०९ साली गुलाम म्हणून जन्मला, १८२० साली मुक्त झाला, आणि पुढे स्वतःही गुलाम बाळगू लागला; इतिहास असा सोयीचा नसतो. १८३५ पासून १८५१ पर्यंत त्याने रोजनिशी लिहिली. जमिनीच्या हद्दीवरून त्याचा खून झाला, आणि साक्षीदार काळे असल्यामुळे त्यांची साक्ष चालली नाही; मारेकरी सुटला. रोजनिशी कुटुंबाने जपली आणि १९५१ साली ती छापून निघाली. खांबांच्या प्रासादांनी जे सांगितले नाही ते न्हाव्याच्या वह्यांनी सांगितले.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला. खरेशास्त्र्यांनी पटवर्धनी दप्तर चाळले. नाना फडणिसांचे दप्तर मेणवलीच्या वाड्यात सापडले. आपल्याकडेही वाड्याचे खरे धन बहुधा माळ्यावरच्या रुमालांत असते. उद्या बडोद्यास, इंदुरास वा बेळगावास वाडेवाल्यांचा असा मेळावा भरला, तर सुतार, गवंडी आणि चुन्याची घाणी यांच्या शेजारी एक मोडी वाचणाराही बसवावा. रुमाल सुटले म्हणजे त्यांत केवळ सनदा आणि इनामपत्रे निघणार नाहीत. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदीही आहेत, आणि त्या बायकाही कोणत्या तरी वाड्याच्याच मागील चौकात दळीत कांडीत होत्या.