क्षयजंतू आणि भक्षिकोशिका

शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून त्यांचे विघटन करणाऱ्या कोशिकांना भक्षिकोशिका म्हणतात. क्षयजंतू मात्र याच कोशिकांत जिवंत राहून वाढू शकतो. नाश करणारी कोशिकाच जंतूचे आश्रयस्थान कशी ठरते, या प्रश्नाभोवती क्षयरोगाच्या प्रतिरक्षेचे (रोगप्रतिकारक्षमतेचे) संशोधन वाढत गेले.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्याच वर्षी सिसिलीतील मेसीना येथे ईल्या मेक्निकॉव्ह यांना तारामाशाच्या डिंभातील फिरत्या कोशिका बाह्य पदार्थाला घेरताना दिसल्या व त्यातून भक्षिकोशिकांचा सिद्धांत पुढे आला. तथापि १८९० मध्ये घटसर्प व धनुर्वात यांवर प्रतिकारक्षम प्राण्यांचा रक्तरस गुणकारी असल्याचे एमिल फोन बेरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखविल्यावर, संरक्षण मुख्यत्वे रक्तरसातील प्रतिपिंडांमुळे मिळते, हे मत प्रबळ झाले. क्षयरोगास ते लागू पडेना.

मॅक्स ल्यूरी यांनी १९४२ मध्ये सशांच्या भक्षिकोशिका, त्यांनी गिळलेल्या क्षयजंतूंसह, सामान्य सशांच्या डोळ्यांत ठेवल्या. प्रतिकारक्षम सशांपासून घेतलेल्या कोशिकांत जंतूंची वाढ रोखली गेली. सामान्य सशांच्या कोशिकांत ती चालू राहिली. ट्युबरक्युलिनविषयीची संवेदनशीलता रक्तरसाने नव्हे, तर कोशिकांद्वारे दुसऱ्या गिनीपिगमध्ये संक्रमित करता येते, असे मेरिल चेस यांना १९४५ मध्ये आढळले. पुढे जॉर्ज मॅकेनेस यांनी १९६०–७० या दशकात लिस्टेरिया या जंतूवर केलेल्या प्रयोगांवरून, संवेदित लसीका कोशिकांमुळे भक्षिकोशिकांची मारकशक्ती वाढते, हे स्पष्ट झाले.

क्षयजंतू कसा निभावतो, याचा एक उलगडा १९७१ मध्ये जे. ए. आर्मस्ट्राँग व फिलिप डार्सी हार्ट यांनी केला. गिळलेला जंतू ज्या पुटिकेत असतो तिच्याशी विघटनकारी एंझाइमांच्या पुटिकांचा संयोग होण्यास जिवंत क्षयजंतू अडथळा आणतो, असे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले. लसीका कोशिकांपासून स्रवणाऱ्या गामा इंटरफेरॉनचे जनुक निकामी केलेले उंदीर या संसर्गास त्वरेने बळी पडतात, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले.

या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. मानवात १९२१ पासून वापरात आलेली बीसीजी लस बालकांना क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथापासून संरक्षण देते. परंतु तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या विस्तृत चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसक्षयापासून तिने संरक्षण दिले नाही. एचआयव्ही संसर्गात साहाय्यक लसीका कोशिका घटल्या की, भक्षिकोशिकांच्या गाठींत कोंडून पडलेले सुप्त क्षयजंतू पुन्हा प्रबळ होतात.