मृगाच्या आत ठरवायचं

आधी खिशातले पैसे काढून ठेवा, या बाजारात ते कुणी घेणार नाही. इथं हाली रुपया चालतो, चारमिनारचं चित्र असलेला. पैनगंगेपलीकडं चालतो तो कलदार. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागतात. हा हिशेब ध्यानात ठेवा, रात्री घरात कामाला येईल.

तुम्ही राणीसावरगावात आहात. पटवाऱ्याच्या कागदावर फसली १३५७ साल आहे. तुमच्या सवयीनं मोजलं तर १९४८चा मे संपत आलाय. तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, हे ओळखीचंच. पण उमरखेड, वाशीम, बार्शी, मनमाड ही गावं परदेशात आहेत. तिकडं जायचं म्हणजे निजामाचं राज्य सोडून दुसऱ्या देशात जायचं. आणि तुम्ही ज्या घरात उतरलात, तिथं महिनाभर एकच बोलणं चाललंय: जायचं का राहायचं?

डोक्याला पटका बांधा. बालाघाटाच्या डोंगरावरून येणारा वारा तापलेल्या दगडांवरून येतो, कानशिलं भाजून काढतो. खालच्या रानात काळ्या मातीला अशा भेगा पडल्यात की हात मनगटापर्यंत आत जातो. धूळ दातांत करकरते. ओठ चाटलात तर खारट लागतील, आणि तेवढं मीठ वाया घालवू नका, कारण बाजारात मिठाचं नाव काढलं की दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडं बघतो.

चला, बाजारातून एक फेरी मारू. नाकात एकदम सगळं घुसतं: गुळाच्या ढेपा, सुकट, वाळल्या मिरच्या, बैलांचं मूत, तंबाखूची पानं, घामानं भिजलेलं घोंगडं. मिरच्यांच्या ढिगापाशी शिंका येतील, येऊ द्या, सगळ्यांनाच येताहेत. कुणीतरी तुमच्या पायावर पाय देतं, कुणाच्या डोक्यावरचं गाडगं खांद्याला घासून जातं. बैलवाले रुमालाखाली बोटं दाबून सौदा करताहेत. रॉकेल मिळेनासं झालंय, म्हणून करडईच्या तेलाभोवती बाया दाटल्यात. आज रात्री दिवे त्याच्यावरच जळणार.

आता नीट कान द्या. या गलक्याच्या खाली दुसरं एक बोलणं चाललंय, हळू आवाजातलं. कोण गेलं? कुठल्या वाटेनं गेलं? रझाकार परवा कुठल्या गावात आले होते? निजामाचं राज्य टिकवायला हत्यारं घेऊन फिरणारे हे लोक. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर इथून काही फार लांब नाही. उमरीची बँक जानेवारीत लुटून तो पैसा निजामाविरुद्धच्या चळवळीला नेला, ती गोष्ट अजून दबक्या आवाजात सांगितली जाते. मोठ्यानं भाव, हळू आवाजात बातमी. असं तासभर ऐकलंत की तुमच्याही मानेला दर थोड्या वेळानं मागं वळून बघायची सवय लागेल.

सावकारी पेढीचं दार बंद आहे, बघितलंत? सावकार सगळ्यांत आधी गेला. ज्याची पुंजी कमरेला बांधता येते, त्याला निर्णय लवकर घेता येतो. तुमच्या घरची पुंजी म्हणजे एक विहीर, दोन बैल, पेवातली जवारी आणि काळी जमीन. यातलं कमरेला काय बांधाल?

दिवेलागणीला घरी या. वाकून आत शिरा, दाराची चौकट बसकी आहे. माळवदाचं घर, भिंती हातभर जाड, म्हणून आत शिरताच अंगावर गारवा येतो आणि तुम्ही पहिल्यांदा पुरता श्वास घेता. वरच्या साण्यातून उजेडाची शेवटची पट्टी चुलीवर पडलीय. परातीत भाकरी थापल्याचा आवाज, तव्यावर ठेच्याचा ठसका. या घरात तुम्हाला मधल्या भावाची जागा दिलीय. थोरला दादा, वैनी, त्यांची दोन लेकरं, बाबा, आणि कोपऱ्यात सुपारी कातरणारी आजी. जेवण उरका. मग दार लावलं जाईल आणि बोलणं सुरू होईल.

दादाला जायचंय. त्याचं म्हणणं साधं आहे. उमरखेडला मावशी आहे. तिकडं लोक रात्री अंगणात बाजा टाकून झोपतात, दाराला आडणा लावत नाहीत. इथं लेव्हीच्या नावानं धान्य उचलून नेतात, तिकडं शेतकरी म्हणून कुणी दरडावत नाही. तिकडं हायस्कूलही मराठीतून आहे. थोरल्या पोराला पुढं शिकवायचं, तर इथं वरची शाळा उर्दूतून; पोरगं हुशार असून वर्गात मुकं बसतं. हे बोलताना दादाचा आवाज चढतो आणि वैनी दाराकडं बघते.

वैनी फारसं बोलत नाही. पण ती रोज रात्री लेकरांना कपडे घालूनच निजवते. अंधारात उठून पळायची पाळी आली तर शोधाशोध नको. दादाच्या सगळ्या कारणांपेक्षा मला तरी हे एक कारण जड वाटतं. शाळा, भाव, लेव्ही यांचा हिशेब करता येतो. लेकराला शर्टाच्या गुंड्या लावून निजवणाऱ्या बाईचं मन कधीच निघून गेलेलं असतं, फक्त पाय उरलेले असतात.

बाबा मान हलवतात. मृग तोंडावर आलाय. पहिल्या पावसात तिफण चालली नाही तर वर्ष गेलं. पेव उघडून जवारी गाडीत भरली तर अख्ख्या गावाला कळेल, आणि गावाला कळलं म्हणजे रस्त्याला कळलं. हालीचे कलदार करताना आधीच मार, वर पाहुण्याच्या घरी राहायचं, किती दिवस? पहिले आठ दिवस पाहुणा, पुढं ओझं. शिवाय आजी. तिला गाडीत बसवलं तर कळमनुरीपर्यंत तरी पोचेल का, हा प्रश्न कुणी उच्चारत नाही. ती स्वतःच म्हणते, “मला कुठं नेता रे? देवीच्या देवळापलीकडं मी पाय टाकला नाही. तुम्ही जा लेकरांनो, मी घर राखते.”

आणि वाट कुठली? गंगाखेडला आगगाडी आहे, परभणीहून मनमाडची गाडी धरली की थेट हद्दीपार. पण ठेसनावर सामान बघतात, माणूसही बघतात. पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रूळ आहेत, तिथं ते संपतात, पुढं पायी. उरली गाडीवाट: गंगाखेडला गोदावरी उतरायची, मग वसमत, मग कळमनुरी, मग पैनगंगा. आज नदीत वाळू आहे, बैल उतरतील. पाऊस लागला की दोन्ही नद्या भरणार आणि वाट बंद. म्हणजे पेरणीसाठी राहायचं असेल तरी मृग गाठायचा, आणि निघायचं असेल तरी मृगाच्याच आत.

उंबऱ्याबाहेर कुणी बसलंय. तो सालगडी. त्याला आत बोलावलेलं नाही, आणि त्याचं मत कुणी विचारलेलं नाही. त्यानं पाडव्याला उचल घेतलीय. पुढच्या पाडव्यापर्यंत तो या घराला बांधलेला. त्याची दोन पोरं, बायको गावकुसाबाहेरच्या खोपटात आहेत. तिथंही घोड्यांच्या टापा ऐकू जातात, आधी तिथंच ऐकू जातात. पण त्याची मावशी उमरखेडला नाही. हाली असो की कलदार, त्याच्याकडं दोन्ही नाहीत. जावं की राहावं हा खल करायलाही काही गाठीला लागतं, हे तुम्हाला इथं, या उंबऱ्यावर दिसतं. तो एवढंच विचारतो, “मालक, तुम्ही गेलाव तर तिफण मी चालवू का?”

रात्री माळवदावर झोपायला जा. माती अजून ऊन सोडतेय, पाठीला चटका बसतो. घरोघरच्या माळवदांवर माणसं जागी आहेत. शेजारी गोफणगुंडे, कुऱ्हाडी. डोंगराच्या बाजूला एक कुत्रं भुंकतं, मग दुसरं, मग सगळं गाव उठून बसतं. घशाला कोरड पडते. कुणी खोकत नाही. थोड्या वेळानं कळतं की उशिरा परतलेली एक गाडी होती. लोक हसतात, जरा जास्तच हसतात. झोप मात्र येत नाही, आणि अशा किती रात्री गेल्यात ते वैनीच्या डोळ्यांखाली दिसतं.

पहाटे पान-तंबाखूवाले तांबोळी चाचा दार वाजवतात. गेल्या मोहरमला याच घरातली माणसं त्यांच्या सवारीपुढं नाचली होती. ते ओसरीवर टेकतात, चहा घेत नाहीत. म्हणतात, “ठरवलं असेल तर आजच निघा. उद्याचं मी सांगू शकत नाही.” त्यांनी हे कुठून ऐकलं ते दादा विचारत नाही. चाचांच्या पोराला कोणी कुठं ओढतंय, हे गावाला माहीत आहे. चाचांना ते नको आहे, हेही माहीत आहे.

मग अर्ध्या तासात सगळं ठरतं. आजी आणि बाबा राहणार. दादा, वैनी, लेकरं आणि तुम्ही निघणार. गाडी, बैल तुमचे नकोत, बियाण्याच्या वेळी बैल घरीच हवेत, गाडी भाड्याची. वर कडबा, कडब्याखाली तांब्याचे हंडे, हंड्यांत लुगड्यात गुंडाळलेले हाली. विचारलं तर सांगायचं, लग्नाला चाललोय. वैशाख-ज्येष्ठात लग्नं असतातच.

गंगाखेडला गोदावरीच्या वाळूत चाकं रुततात. उतरा, खांदा लावा. वाळू पोटऱ्यांना भाजते, बैलांच्या तोंडाला फेस आलाय. जनाबाईचं हे गाव. वैनी घाटाकडं हात जोडते आणि परत चाकाला धरते. पुढचे दिवस ऊन, धूळ आणि थांबणं यांत जातात. नाक्यावर कडब्यात काठी खुपसून बघतात. हंड्याला लागून टण्ण आवाज होतो आणि तुमच्या पोटात गोळा येतो. “शादी?” “जी, शादी.” धाकटं लेकरू मोठ्यानं रडायला लागतं, शिपाई कंटाळतो, हात हलवतो. चिमटा वैनीनं काढला होता. पैनगंगा उतरताना घोट्याएवढं पाणी. आज याच नदीवर इसापूरचं धरण आहे. त्या दिवशी मात्र लेकरं त्या पाण्यात बसली ती उठेनात.

उमरखेड शांत असेल म्हणून तुम्ही आलात ना? मावशीच्या घरात तीन कुटुंबं आधीच उतरलीत. विहिरीवर रांग, संडासाला रांग, तव्याला रांग. गावात हद्दीवरच्या तरुणांचा कॅम्प आहे. त्यांची कवायत पहाटेच सुरू होते, आणि रात्री त्यातलेच काही नदी उतरून परत तिकडं जातात. सराफ हालीला हात लावायच्या आधी नाक मुरडतो. मावशी काही म्हणत नाही, पण पंधराव्या दिवसापासून पिठात पाणी जास्त पडतं. हे सगळं खरं. आणि पहिल्याच रात्री, इतक्या गर्दीत, पाय पसरायला जागा नसताना, वैनी झोपली ती उन्हं अंगावर येईपर्यंत उठली नाही, हेही खरं. मला विचाराल तर त्या एका झोपेसाठी हाली-कलदाराचा तोटा सोसायला हरकत नव्हती.

सप्टेंबरात पाच दिवसांत सगळं संपलं. तेराला भारताच्या फौजा निघाल्या, सतराला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. उमरखेडला गुलाल, पेढे; तुमच्याही कपाळाला लागला. पण गावी लगेच जाऊ नका, रस्त्यात जे दिसेल ते पेढ्यांबरोबर गिळता येणार नाही. काही गावांत आता दुसरी घरं रात्री जागू लागली होती. तांबोळी चाचांनी ओसरीवर ट्रंक बांधून ठेवली होती, आणि जायचं का राहायचं याचा खल या वेळी त्यांच्या घरात चालला होता. त्यांची बहीण हैदराबादेला. बाबा रोज सकाळी त्यांच्या दुकानासमोर जाऊन बसायचे, दुकान उघडेपर्यंत उठायचे नाहीत. पुढं कुणी त्या दुकानाला हात लावला नाही; सगळ्याच गावांत असं झालं नाही.

तुम्ही परतलात ते दिवाळीच्या तोंडावर. खळ्यावर चला, तिथं गडबड चाललीय. हवेत ताज्या कणसांचा भुसा, अंग खाजतंय, मळणीचे बैल गोल फिरताहेत. जवारी चांगली आलीय. सालगड्यानं मृग साधला होता, एकट्यानं तिफण चालवली, बायकोनं बियाणं सोडलं, रात्री पाळतही ठेवली. आजी आता मोठ्यानं सांगतेय की हा नसता तर आपण काय कापलं असतं. सालगडी म्हणतो, सालाचं ठरलं ते ठरलं, पण मालक हद्दीपार असताना केलेलं काम त्यात धरू नका. त्याची चार पोती वेगळी द्या. दादा दोन पोत्यांवर आलाय आणि त्याच्यापुढं हलत नाही. बाबा गप्प आहेत. आता दोघंही तुमच्याकडं बघताहेत. मापटं तुमच्या हातात आहे. माझं मत चार पोत्यांचं आहे, आणि तुम्हीही तेवढीच मोजा.