मॉरिशसला पाच दिवस: मुक्काम कुठे, फिरायचं कसं आणि तिथल्या मराठी माणसांना भेटायचं कसं

बेळगाव, गोवा किंवा हैदराबादहून मॉरिशसला जाणारे बहुतेक जण किनाऱ्यावरचं रिसॉर्ट, बोटीची एक फेरी आणि गंगा तलाव एवढं पॅकेज घेतात आणि परत येतात. त्यात चूक काही नाही. पण या बेटावर मराठी समाज एकोणिसाव्या शतकापासून राहतोय, तिथल्या प्राथमिक शाळांत मराठी विषय शिकवला जातो आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. दुसऱ्या राज्यात राहून मराठी जपणं म्हणजे काय, हे ज्यांना रोज कळतं त्यांनी तरी पाचातला एक दिवस किनारा सोडून आत जायला हवं. हा दिवस जमेल की नाही, हे मुक्कामाची जागा निवडतानाच ठरतं.

आधी कागदपत्रं. भारतीय पर्यटकाला व्हिसा विमानतळावर उतरल्यावर मिळतो, 60 दिवसांपर्यंत, तोही फुकट. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवावा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असली की प्रश्न येत नाही. निघण्यापूर्वी प्रवासाचा डिजिटल फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, तो घरीच भरून घ्या. आपल्या भागातून मुंबई गाठणं सोयीचं, तिथून एअर मॉरिशसचं थेट विमान आहे आणि प्रवास साधारण सहा-साडेसहा तासांचा. मात्र बेळगावहून मुंबईला येणारी गाडी किंवा विमान आणि पुढचं विमान यांत भरपूर अंतर ठेवा. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिला टप्पा लांबल्यावर दुसऱ्याचे पैसे बुडतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

पैशाचा हिशेब करताना एक गफलत हमखास होते. तिथलं चलनही रुपयाच, पण त्यांचा एक रुपया म्हणजे आपले दोन रुपयांच्या आतबाहेर. नोटांवर देवनागरीही दिसते, त्यामुळे हात सहज सैल सुटतो. हॉटेलांचे दर बहुतेक वेळा युरोत असतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून पर्यटकांना माणशी प्रत्येक रात्रीला 3 युरो शुल्क लागू झालं आहे, बारा वर्षांखालच्या मुलांना ते नाही. चौघांच्या कुटुंबाने पाच रात्रींचे 60 युरो वेगळे धरूनच पॅकेजची तुलना करावी. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, पण खेड्यातल्या दुकानासाठी रोख लागतेच.

मुख्य बेट लांबीला साधारण 65 आणि रुंदीला 45 किलोमीटर. म्हणजे कुठेही राहिलं तरी सगळं जवळच, असं वाटतं. पण विमानतळ आग्नेयेला माएबूरजवळ आणि पर्यटकांची गर्दी उत्तरेला ग्रां बे इथे. उत्तरेत राहिलात तर रोजचा बराच वेळ आणि टॅक्सीचे पैसे रस्त्यातच जातात. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला पश्चिमेचं फ्लिक-आं-फ्लाक बरं पडतं. समुद्र चांगला आहे, स्वतः स्वयंपाक करता येईल अशी भाड्याची घरं मिळतात (शाकाहारी मंडळींसाठी हे मोठंच काम) आणि आतली शहरं फार लांब नाहीत. समुद्राची ओढ कमी असेल तर काथ्र बोर्न किंवा रोझ हिल इथे राहावं. ही दोन्ही गावं मेट्रोवर आहेत.

पोर्ट लुईस ते क्युरपिप ही मेट्रो 2022 पासून पूर्ण धावते आणि रेड्युइटकडे एक फाटा जातो. विमानतळाला मेट्रो नाही. बस स्वस्त आणि बऱ्यापैकी नियमित, पण गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर आटोपतात, त्यामुळे परतीची वेळ जातानाच विचारून ठेवा. टॅक्सीत मीटर चालेल हे गृहीत धरू नका. बसण्याआधी भाडं ठरवा, दिवसभरासाठी गाडी हवी असेल तर थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का तेही विचारा. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने.

आता त्या एका दिवसाबद्दल. सकाळी पोर्ट लुईसला आप्रवासी घाट पाहावा. ब्रिटिशांनी 1834 पासून करारावर आणलेले मजूर या बंदरात उतरले. इथल्या आगार-इमारतींचे अवशेष आणि दगडी पायऱ्या शिल्लक आहेत, 2006 पासून ती युनेस्कोची वारसास्थळं झाली. प्रवेश फुकट, रविवारी बंद. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली माणसं बरीच होती. ऊसमळ्यात राबून त्यांनी संसार उभे केले. तिथून मेट्रोने रेड्युइट आणि पुढे टॅक्सीने जवळच मोका इथली महात्मा गांधी संस्था. मराठीचं शिक्षण इथे उच्च पातळीपर्यंत होतं. करारबद्ध मजुरांच्या नोंदीही इथेच जतन केल्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे गावाचं नाव ओळखणं हे तिथल्या वंशजांना कठीण जातं. कोकण-घाटमाथ्यावरची गावं माहीत असलेला पाहुणा अशा वेळी खरोखर कामाला येतो. बेटावर महाराष्ट्र भवनही आहे आणि 2023 मध्ये मॉरिशसला छत्रपती शिवरायांचा पुतळा उभा राहिला. मात्र दारात अचानक उभं राहू नये. दोन-तीन आठवडे आधी ईमेल करून वेळ घ्यावी, पत्र इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही लिहावं.

भेटीत अपेक्षा बेताची ठेवा. घरात बोलली जाते ती क्रिओल, दुकानात फ्रेंच, कचेरीत इंग्रजी. मराठी उरली आहे आरतीत, भजनात, लग्नाच्या विधीत आणि शाळेच्या तासात. आजोबांना मराठी कळतं पण उत्तर क्रिओलमध्ये येतं, असंही होईल. त्यांचे उच्चार सुधारायला जाऊ नये आणि जात तर अजिबात विचारू नये. आडनावांची स्पेलिंग फ्रेंच वळणाची झाली आहेत, ती वाचून दाखवायला सांगा, गप्पा तिथूनच सुरू होतात. ‘बोंझूर’, ‘की मान्येर’ (कसं काय) आणि ‘मेर्सी’ हे तीन शब्द पाठ असले तरी चेहरे खुलतात.

गणपतीत जाणं जमलं तर उत्तमच. कोकणच्या जाखडीची तिथली बहीण, झाकरी, तेव्हाच पाहायला मिळते. सुट्टी मात्र अलीकडे आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते. 2025 मध्ये ती 28 ऑगस्टला होती. त्या महिन्यांत तिकडे हिवाळा असतो, गंगा तलावाच्या उंचीवर वारा बोचतो, स्वेटर न्या. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, तेव्हाची स्वस्त तिकिटं विचार करूनच घ्या.

भेट म्हणून आंब्याची पेटी, रोपं, बियाणं नेऊ नका, परवान्याशिवाय विमानतळावरच काढून घेतात. मोठ्या टायपातली मुलांची मराठी गोष्टींची पुस्तकं न्या. शिक्षक ती वर्गात वापरतात.